ओठाचा डावा कोपरा

सरांचा हात ज्यावरून फिरला नाही असं चित्र त्या गावात शोधूनही सापडलं नसतं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा बोर्डवाला, शाळांमधले निम्मे चित्रकलेचे शिक्षक, सुट्टीच्या दिवशी निसर्गचित्रं काढणारा दातांचा डॉक्टर, सगळे कलामंडळाच्या त्या लांबट खोलीत सरांच्या हाताखाली तयार झालेले. हाताखाली तयार झाले, असं बोलायची पद्धत असते. सरांच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं. विद्यार्थी नाकाशी झटापट करत असायचा, मागे कधी सर येऊन उभे राहिले ते त्याला कळायचं नाही. मग खांद्यावर दोन बोटं टेकायची आणि आवाज यायचा, "सरक जरा." सर त्याच्या ऊबदार स्टुलावर बसायचे, त्याच्याच हातातला कोळसा घ्यायचे, आणि इतका वेळ कागदावर आडवं पडलेलं नाक चार रेघांत उठून बसायचं. विद्यार्थी धन्य व्हायचा. थोडासा हिरमुसायचाही, पण ते बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती.

सर स्वतः असेच शिकले होते. त्यांचे गुरुजी तर चुकलेली रेघ पुसण्याआधी बोटांवर पट्टी मारायचे. सरांनी पट्टी सोडली, दुरुस्ती ठेवली. चूक दिसली आणि हात लावला नाही, तर त्यांना दिवसभर चैन पडत नसे. लोकांच्या घरी गेले तरी भिंतीवरची तिरकी तसबीर सरळ करूनच ते पाण्याच्या ग्लासाला हात लावायचे.

यातूनच शेवटच्या हाताची रीत पडली होती. मंडळाचं वार्षिक प्रदर्शन लागायच्या आदल्या दिवशी, सगळी चित्रं भिंतींवर चढली की, सर पॅलेट घेऊन एकटे हॉलमध्ये जायचे आणि एकेका चित्रावर शेवटचा हात मारायचे. कुठे सावली गडद करायची, कुठे डोळ्यात उजेडाचा ठिपका ठेवायचा. त्याशिवाय चित्र पुरं झालं असं कोणी मानायचंच नाही. काही बेरकी विद्यार्थी चित्राचा एखादा कोपरा मुद्दाम कच्चा सोडायचे, म्हणजे सर तिथे रमतील आणि बाकीच्या चित्राला धक्का लावणार नाहीत. एकदा बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले होते, "तुमच्या गावात सगळ्यांची नाकं एकाच घरातली दिसतात." सरांनी ते कौतुकच समजून घेतलं.

नाकं एकाच घरातली होती, हे मात्र खरं. सरांच्या घरातली. मंडळाला पैसे घेऊन बसणारी मॉडेल परवडत नव्हती, आणि फुकट बसणारं माणूस अर्ध्या तासात पळून जायचं. म्हणून सर एक दिवस बायकोलाच घेऊन आले. ती खुर्चीत बसली ती पुढची तीस वर्षं बसलीच. गावातल्या सगळ्या चित्रकारांचा हात काकूंच्या चेहऱ्यावर बसला. त्यांची किंचित बसकी हनुवटी, वरच्या ओठाची ती सरळ, ठाम रेघ, बोर्डवाला ती झोपेतसुद्धा काढू शकला असता. केसांच्या तेलाच्या पाटीवर त्याने रंगवलेली तरुणीसुद्धा नीट पाहिली तर काकूच होत्या.

आणि काकू काही मुकाट बसणाऱ्यातल्या नव्हत्या. मान न हलवता त्या अख्ख्या वर्गाची खबर घ्यायच्या. "ए डॉक्टर, नाकाला किती वेळ लावतोस? मला शिंक आलीये कधीची." कोणाचं चित्र बिघडलं तर तासानंतर जवळ जाऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "असू दे. माझी मावशी अगदी अशीच दिसायची." विद्यार्थ्यांना सरांचा धाक होता. वर्गात ते टिकत होते ते काकूंमुळे.

त्या काकूंना एका सकाळी झटका आला. जीव वाचला. डावी बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याची पापणी उतरली, ओठाचा डावा कोपरा खाली ओघळला. बोलणं जड झालं, पण डोकं होतं तसंच चालत होतं, आणि जीभही, फक्त सावकाश.

सरांनी केलं ते कोणी करणार नाही. मंडळाचा वर्ग सोडला तर ते घरातून हलेनात. अंघोळ, औषधं, हाताचा व्यायाम, भरवणं, ओठाच्या कोपऱ्यातून गळलेलं पाणी टिपणं, सगळं स्वतः केलं. लेक मदतीला यायची तर तिलाही म्हणायचे, "राहू दे, मला सवय झालीये." एक मात्र त्यांनी कोणाला न विचारता ठरवून टाकलं. भेटायला येणाऱ्यांना ते दारातूनच परत पाठवायला लागले. "तिला त्रास होतो," म्हणायचे. खोलीतला आरसा काढून त्यांनी माळ्यावर टाकला. वर्गात मॉडेलच्या खुर्चीवर सुरई ठेवली, तिच्यामागे निळं कापड सोडलं आणि सांगितलं, "काकू बऱ्या झाल्या की बसतील." दोन वर्षं सगळे सुरईच काढत होते. त्रास नेमका कोणाला होतो, हे काकूंना विचारायचं कोणाला सुचलं नाही.

लेकीला सुचलं. ती एका शाळेत चित्रकला शिकवायची, सासर गावातच होतं. एका दुपारी सर वर्गाला गेलेले असताना ती आली आणि तिने विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "माझं चित्र काढ."

"आत्ता?"

"मग काय मेल्यावर? तीस वर्षं लोकांना तोंड दाखवलं, आता भिंतीकडे तोंड करून बसू का?"

तेव्हापासून सर वर्गाला गेले की लेक इझल उभं करायची आणि ते यायच्या आत आवरायची. माळ्यावरचा आरसा खाली आला, काम झालं की परत वर जायचा. सरांना घरात टर्पेंटाइनचा वास यायचा, पण तो त्यांच्या स्वतःच्या कपड्यांनाही यायचा. चित्र महिनाभर चाललं. बाकीचं भरभर झालं, अडलं ते ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी. लेक तो रंगवायची, खरवडायची, परत रंगवायची. काकू आरशात बघायच्या, चित्रात बघायच्या आणि मान हलवून नाही म्हणायच्या. अखेर प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी त्या म्हणाल्या, "हं. ही मी."

दुसऱ्या दिवशी चित्र ओलंच हॉलमध्ये गेलं आणि भिंतीवर चढलं.

दुपारी सर पॅलेट घेऊन आत शिरले. हॉल रिकामा होता. ते नेहमीसारखे दाराच्या डाव्या हाताने निघाले. डॉक्टरच्या ढगांना थोडी राखाडी दिली, कोणाच्या घोड्याचा मागचा पाय जमिनीला टेकवला. मग ते लेकीच्या चित्रापुढे आले आणि थांबले.

खुर्ची ओळखीची, शाल ओळखीची. कपाळावरचा उजेड इतका खरा होता की त्यांना हात लावून बघावंसं वाटलं. लग्नाआधी या पोरीच्या प्रत्येक चित्रावर त्यांचा हात फिरलेला, आणि ती दरवेळी फुरंगटून बसायची. आता ती त्यांच्या पुढे गेली होती. सरांचा ऊर भरून आला. असलं कपाळ आपल्याला जमलं नसतं, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं आणि त्यांना अभिमानच वाटला.

फक्त ओठ चुकला होता. डावा कोपरा खाली सुटला होता. इतकं चांगलं चित्र आणि एवढ्याशा चुकीने वाया जायचं, म्हणून त्यांनी लहान ब्रश घेतला, रंग जुळवला आणि जपून, जीव लावून तो कोपरा वर घेतला. त्यासाठी समोर कोणी बसायची गरज नव्हती. ती रेघ त्यांच्या हातात तीस वर्षं मुरलेली होती. चार फटकाऱ्यांत ओठ सरळ झाला, ठाम झाला. सर दोन पावलं मागे सरकले, समाधानाने मान डोलावली आणि पुढच्या चित्राकडे वळले.

लेक शाळा सुटल्यावर आली तेव्हा ते शेवटच्या भिंतीपाशी होते. ती चित्रापुढे उभी राहिली. ओठाजवळ वाकून तिने पाहिलं.

"बाबा, इथे हात कोणी लावला?"

"मी नाही तर कोण लावणार? कोपरा उतरला होता थोडा. बाकी चित्र मात्र, पोरी, खरं सांगतो—"

"कोणाचा कोपरा उतरला होता?"

सरांना प्रश्न कळला नाही. मग कळला. हातातलं पॅलेट त्यांनी खिडकीत ठेवलं.

"आई उद्या इथे येणार आहे," लेक म्हणाली. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागत होतं. "तुम्हाला आधी सांगायचं नाही असं तिनंच बजावलं होतं, तुम्ही नको म्हणाला असता म्हणून. ती म्हणाली, आधी माझं चित्र जाऊ दे, मग मी जाते. लोकांना दचकायचंय ना, ते चित्र बघून दचकतील. मी येईपर्यंत त्यांना सवय झालेली असेल."

सर चित्राकडे बघत राहिले. भिंतीवर दोन वर्षांपूर्वीची बायको होती. उद्या लोक हिला बघणार, हसून पुढे होणार, आणि मग दारातून ती येणार.

"मला वाटलं होतं, या चेहऱ्याला तरी तुम्ही हात लावणार नाही. तुम्हाला खरंच ती चूक वाटली?" लेकीने विचारलं.

सर चित्रापासून बाजूला झाले. तिने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि ओठ पुसायला घेतला. पण तिचा स्वतःचा रंगही अजून ओला होता. सरांच्या रंगाबरोबर तोही निघाला. महिनाभराच्या मेहनतीचा तो कोपरा फडक्यावर आला आणि चेहऱ्यात मागचा करडा कॅनव्हास उघडा पडला. लेक खाली बाकावर बसली. फडकं तिच्या मुठीत तसंच होतं.

"मी करतो," सर म्हणाले.

"तुम्ही कसं करणार, बाबा? तुम्हाला तो माहीतच नाही."

सरांना आयुष्यात कोणी असं बोललं नव्हतं. राग यायला हवा होता, पण तो आला नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती. त्यांनी चित्र खिळ्यावरून उतरवलं, मागच्या चौकटीला धरलं आणि भर रस्त्यातून, ओला भाग कोणाला घासू नये म्हणून छातीपासून लांब धरून, घरी नेलं. ओळखीचे लोक नमस्कार करत होते. सर कोणाकडे बघत नव्हते.

काकू खुर्चीत होत्या. ओठाच्या कोपऱ्याशी पडलेलं ते भगदाड त्यांनी पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. सरांनी काहीही न लपवता सांगितलं.

"शेवटचा हात मारलात," काकू सावकाश म्हणाल्या.

"हो."

"माझ्यावर."

"चूक वाटली मला," सर म्हणाले.

काकूंना लागलं होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. "दोन वर्षं भरवताय मला," त्या म्हणाल्या. "घास जातो कुठून, ते तरी बघायचं."

सरांनी इझल उभं केलं, रंग काढले आणि स्टूल ओढून बसले ते खिडकीच्या बाजूला, काकूंच्या उजव्या हाताला. रोज भरवायला ते तिथेच बसायचे. वर्तमानपत्र वाचून दाखवायलाही तिथेच. तिथून बघितलं की चेहरा जवळजवळ पूर्वीचाच दिसायचा.

"तिथून काय दिसणार तुम्हाला?" काकू म्हणाल्या. "इकडे या."

स्टूल उचलून पलीकडे न्यायला चार पावलं पुरली असती. सरांना ती जड गेली. त्यांनी स्टूल ठेवलं, बसले, आणि काकूंनी हळूहळू मान त्यांच्याकडे वळवली.

मग ते बघायला लागले. पापणी किती उतरलीये. गाल कुठे सैल पडलाय. नाकाच्या कडेची घडी, जी त्यांनी हजार वेळा काढली होती, ती या बाजूला पुसूनच गेली होती. आणि ओठ. ओठाची रेघ मध्यापर्यंत त्यांच्या ओळखीची होती, तिथून पुढे ती खाली उतरत गेली होती आणि टोकाला ओलसर होती. यात भ्यायचं काहीच नव्हतं. दमलेल्या माणसाचा चेहरा होता, आणि तो त्यांच्याकडे बघत होता. सरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तसं त्यांनी ते रंगाच्या फडक्यानेच पुसलं.

"मला भीती वाटायची," ते म्हणाले. "या बाजूनं बघितलं तर वाटेल, तू गेलीस."

"मी कुठे जातेय?" काकू म्हणाल्या. "उठता तरी येतं का मला?"

सर हसले आणि परत रडले. काकूंनी त्यांना थोडं रडू दिलं आणि मग म्हणाल्या, "चला, उजेड चाललाय."

पहिल्यांदा कोपरा वर गेला. सरांनी तो वर नेला नव्हता, हाताने नेला. काकूंनी आरसा मांडीवर घेतला होता. त्यांनी चित्र पाहिलं आणि म्हणाल्या, "खाली." सरांनी पुसलं, परत लावला. "अजून खाली." तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या रेघा सरळ केल्या, त्यांना एक रेघ वाकडी काढता येत नव्हती. हात दरवेळी टोकाशी येऊन उचलला जायचा. सर चिडले, ब्रश बदलला, रंग पातळ केला, उगाच पाणी पिऊन आले. काकूंचं एकच चाललं होतं, अजून खाली. दिवा लावावा लागला. शेवटी सरांनी कॅनव्हासकडे बघणंच कमी केलं. ते तिच्याकडे बघत राहिले आणि ब्रश नजरेच्या मागून जाऊ दिला. नजर जिथे थांबली तिथे ब्रश थांबला.

काकूंनी बराच वेळ पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चित्र लवकर जाऊन खिळ्यावर चढलं. लोक आले, चित्रापुढे थबकले. कोणी खाली बघितलं, कोणी शेजारच्याच्या कानात कुजबुजलं, बोर्डवाला तर बाहेर जाऊन थोडा वेळ उभा राहून आला. मग लेकीने काकूंची चाकाची खुर्ची ढकलत आत आणली, आणि कोणीही दचकलं नाही. डॉक्टर सगळ्यात आधी पुढे आला आणि म्हणाला, "काकू, ती सुरई उचला की तिथून. दोन वर्षांत ती एकदाही बोलली नाही आमच्याशी." काकू त्यांच्या अर्ध्या ओठाने हसल्या. पुढच्या सोमवारी सुरई कपाटात गेली.

काकू त्यानंतर वर्षभर वर्गात बसल्या. विद्यार्थी त्यांना दिसतील तशा काढत होते. सर मागून फिरायचे, थांबायचे, तोंडाने सांगायचे. हात त्यांनी पाठीमागे बांधून ठेवलेले असायचे, आणि ते ठेवताना त्यांना किती कष्ट पडायचे हे बघणाऱ्याला दिसायचं. लेकीचं आणि त्यांचं बोलणं हळूहळू पूर्ववत झालं.

मग काकू गेल्या, झोपेतच.

मंडळाने शोकसभा ठेवली. पुढे ठेवायला चित्र हवं होतं. सेक्रेटरी म्हणाले की काकूंच्या चित्रांना काय तोटा, कपाटं भरलीत, एखादं तरुणपणीचं छानसं काढू. सर उठले. घरी गेले आणि लेकीचं ते चित्र घेऊन आले. स्वतःच त्यांनी ते टेबलावर उभं केलं.

बोर्डवाला आधीच येऊन खुर्च्या मांडत होता. तो चित्राजवळ आला. काकूंवर त्याचा आईसारखा जीव होता, दोन दिवस तो जेवला नव्हता. त्याने डोळे पुसले आणि हळूच सरांजवळ येऊन, मोठ्या मायेने म्हणाला, "सर, आज सगळं गाव येणार. ओठाचा कोपरा तेवढा उतरलेला दिसतोय. रंग आहेत माझ्या पिशवीत. दोन मिनिटांत वर घेतो."

त्याने ब्रश काढलाही होता. त्याने तो धरला होता अगदी सरांसारखा, टोकापाशी, अंगठ्याने खालून आधार देऊन. सरांनीच शिकवलं होतं त्याला तसं धरायला. सरांना त्याच्यावर रागावता आलं नाही. ते चित्राच्या आणि त्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

"तिथे हात लावू नकोस," ते म्हणाले. "ती तशीच होती. मीच उशिरा बघितलं."